बंद गिरणीच्या आवारात विद्यापीठाचे संशोधन केंद्र उभारताना

बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेचे काय करावे, हा प्रश्न निघाला की आपल्याकडे कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी समिती नेमली जाते, मग वास्तुविशारदाकडून काचेच्या इमारतीचे रंगीत चित्र येते, ते चित्र चौकातल्या फलकावर झळकते, आणि सातबारा कोणाच्या नावावर आहे याची चौकशी त्यानंतर सुरू होते. गेली बरीच वर्षे सांगली, मिरज आणि पलूस परिसरातील जुन्या औद्योगिक जागांची पाहणी व मूल्यमापन करण्याचे काम केल्यामुळे हा क्रम नेमका उलटा असायला हवा, असे माझे मत झाले आहे. आधी कागद तपासावेत, मग माती, मग पुराची पातळी. तिथे रोज कोण कामाला येणार याचे उत्तर मिळाल्यावरच इमारतीचा नकाशा काढायला घ्यावा. ही मार्गदर्शिका संस्थाचालक, विद्यापीठाचे अधिकारी, नगरसेवक आणि बंद कारखान्यांचे मालक यांच्यासाठी आहे.

सांगली जिल्ह्याची औद्योगिक परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानच्या माळावर, कुंडल रोड स्थानकाजवळ कारखाना वसवला, तो रेल्वे जवळ असल्यामुळे. पुढच्या काळातही गिरण्या, तेलघाण्या आणि ओतशाळा रूळ, रस्ता आणि पाणी पाहूनच उभ्या राहिल्या. जे कारखाने पुढे बंद पडले त्यांच्या जागा म्हणूनच आज शहराच्या पोटात, बसथांब्यापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी सापडतात. संशोधन केंद्राला नेमकी अशीच जागा लागते, कारण सायकलवरून येणारा विद्यार्थी आणि मोटारीतून येणारा उद्योजक या दोघांनाही ती सोयीची पडली पाहिजे.

कागद

सातबारा उतारा, मिळकत पत्रिका आणि गेल्या 60 ते 70 वर्षांचे सर्व फेरफार काढून ते ओळीने वाचावेत. केवळ मालकाचे नाव पाहून थांबू नये. खरी गोष्ट 'इतर अधिकार' या रकान्यात दडलेली असते. तिथे बँकेचा बोजा, न्यायालयाचा मनाई हुकूम, कुळाची नोंद किंवा 'औद्योगिक कारणासाठीच' अशी अट सापडते. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे शासनाने अटींवर दिलेली, असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तिचे हस्तांतर होत नाही, आणि त्यासाठी शासनाकडे रक्कमही भरावी लागते.

जुन्या गिरण्यांच्या बाबतीत आणखी एक गाठ असते. पुष्कळ जमिनी 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली शासनाने कंपनीसाठी संपादित करून दिलेल्या असतात, आणि त्या कायद्याच्या कलम 44अ प्रमाणे अशी जमीन शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय विकता, गहाण ठेवता किंवा भाडेपट्ट्याने देता येत नाही. म्हणजे मालक कितीही उत्साहाने 'देऊन टाकतो' म्हणाला, तरी त्याला ती देण्याचा अधिकार आहे की नाही हे आधी पाहावे लागते. जागा औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीत असेल तर ती बहुधा 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते. तिथे महामंडळ हेच नियोजन प्राधिकरण असते आणि हस्तांतराचे शुल्क, वापरातील बदल व बांधकामाचे नियम त्याचेच लागू होतात. वसाहतीबाहेर, महापालिकेच्या हद्दीत, 2020 ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली पाहावी लागते. विकास योजनेचा झोन दाखला हातात घेऊन औद्योगिक विभागात प्रयोगशाळा, कार्यालये, वसतिगृह आणि उपाहारगृह यांपैकी काय चालते आणि कशासाठी वापरबदल लागतो, हे नगररचना विभागाकडून लेखी घ्यावे. तोंडी होकारावर विसंबून राहू नये.

कंपनी दिवाळखोरीत किंवा अवसायनात गेली असेल तर व्यवहार अवसायकाशी, म्हणजे कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीशी, होतो. 2016 च्या दिवाळखोरी संहितेनुसार कामगारांची मागील 24 महिन्यांची देणी तारण धनकोंच्या (तारण घेऊन कर्ज देणाऱ्यांच्या) बरोबरीने येतात, आणि भविष्यनिर्वाह निधी व उपदान (ग्रॅच्युइटी) निधीची रक्कम अवसायनाच्या मालमत्तेत धरलीच जात नाही. ही देणी मिटली आहेत का, याची खात्री खरेदीदाराने स्वतः करून घ्यावी. तो शिष्टाचाराचाही भाग आहे, कारण ज्या फाटकावर पगारासाठी माणसे उपोषणाला बसली, त्याच फाटकावर उद्घाटनाची फीत कापायची तर आधी त्यांच्याशी बोललेले बरे. वीजबिलाची जुनी थकबाकीही विसरू नये. नियमांत तशी तरतूद असल्यास आधीच्या मालकाची थकबाकी जागेच्या नव्या धारकाकडून वसूल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे.

यानंतर सरकारी मोजणी. एका जागेच्या बाबतीत आम्ही कुंपणाची भिंत हीच हद्द धरून सगळा आराखडा तयार केला होता. भूमी अभिलेखचे भूकरमापक आले, त्यांनी खुणा केल्या, आणि मुख्य प्रवेशद्वारासकट अकरा गुंठे जागा शेजारच्या गटात निघाली. कंपनी चालू असताना शेजारी काही बोलले नव्हते. नवी संस्था येणार म्हटल्यावर ते बोलले. चूक त्यांची नव्हती, आमची होती. तेव्हापासून मोजणीची 'क' प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा अधिकृत नकाशा, हाती येईपर्यंत मी कोणालाही नकाशावर रेघ ओढू देत नाही.

माती आणि जुने तेल

कारखान्याच्या जमिनीत काय मुरले आहे, हे वरून दिसत नाही. त्यासाठी प्रथम जागेचा इतिहास लिहून काढावा: कोणत्या साली कोणत्या शेडमध्ये काय चालत होते, रंगखाते कुठे होते, बॉयलरची राख कुठे टाकत, डिझेलची टाकी जमिनीखाली होती का, मुलामा देण्याच्या टाक्या कुठे होत्या, सांडपाणी कोणत्या नाल्याला सोडत. प्रदूषण नियंत्रण मंडळाची जुनी संमतीपत्रे उपयोगी पडतात, पण त्यांहून अधिक उपयोगी पडतो निवृत्त फिटर. त्याला चहा पाजून आवारातून एक फेरी मारावी आणि तो बोट दाखवील त्या प्रत्येक ठिकाणी खुंटी ठोकावी.

अशाच एका फेरीत एका म्हाताऱ्या फिटरने मला यंत्राच्या पायाचा खड्डा दाखवला. पावसाळ्याचे पाणी काठोकाठ भरले होते आणि त्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग होता. काठी बुडवून वर काढली तेव्हा खालच्या दोन वितींवर काळे, चिकट तेल लागले होते. खड्ड्याच्या तळाला काँक्रीट होते, पण एका कोपऱ्यात त्याला भेग गेली होती. म्हणजे ते तेल पंचवीसेक वर्षे हळूहळू खालच्या काळ्या मातीत उतरत होते. आराखड्यात त्याच ठिकाणी उपाहारगृहाची विहीर दाखवली होती.

मातीचे नमुने आवारात चौकटी आखून आणि संशयित ठिकाणी दाटीने, वेगवेगळ्या खोलींवरून घ्यावेत. विहिरी व कूपनलिका यांच्या पाण्याचे नमुने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर असे दोनदा घ्यावेत, आणि शेजाऱ्यांच्या विहिरीही त्यात धराव्यात. शिसे, क्रोमियम, निकेल, खनिज तेल यांची तपासणी तर हवीच, पण जुन्या ट्रान्सफॉर्मरमधील तेलात पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल हे विषारी रसायन आहे का, हे तपासल्याशिवाय तो ट्रान्सफॉर्मर भंगारवाल्याला देऊ नये. घातक कचऱ्याला 2016 चे नियम लागू आहेत आणि तो रांजणगावसारख्या अधिकृत प्रक्रिया केंद्राकडेच पाठवावा लागतो. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी केंद्र शासनाने 2025 मध्ये स्वतंत्र नियम केले आहेत, तेही सल्लागाराकडून समजून घ्यावेत.

सगळी माती उचलून नेणे बहुधा परवडत नाही आणि प्रत्येक वेळी त्याची गरजही नसते. कमी दूषित भागावर काँक्रीटचे आच्छादन करून तिथे वाहनतळ करता येतो. वसतिगृह, पाळणाघर आणि विहीर मात्र स्वच्छ ठरलेल्या भागातच घ्यावी. इंग्लंडमधील न्यूकॅसल शहरात 2005 साली बंद झालेल्या बिअर कारखान्याच्या सुमारे 24 एकर जागेवर महापालिका आणि विद्यापीठ यांनी मिळून न्यूकॅसल हेलिक्स हे संशोधन व उद्योग केंद्र वसवले. तिथे जमिनीखाली जुन्या कोळसा खाणींच्या पोकळ्या निघाल्या. उरलेला कोळसा काढून, भराव घालून जमीन पक्की केल्यावरच वरचे काम सुरू झाले. त्यात वर्षे गेली, पण ती टाळता येण्यासारखी नव्हती.

कृष्णेचे पाणी

सांगलीत हा मुद्दा वगळून कोणताही आराखडा पुरा होत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. पण पुलावरचा आकडा तुमच्या शेडमध्ये किती पाणी येईल हे सांगत नाही. त्यासाठी जागेची समपातळी मोजणी करून, पाटबंधारे विभागाकडून पूररेषांच्या पातळ्या घेऊन, दोन्ही एकाच आधारबिंदूवर आणाव्या लागतात. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाचा विचारच करू नये. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंधांसह जे करता येते, त्यातही महागडी उपकरणे तळमजल्यावर ठेवायची नाहीत, हा नियम स्वतःच्या हिताचा आहे.

नदी पात्राबाहेर येण्याआधीच नाल्यांतून आणि गटारांतून पाणी उलटे शिरते, हे सांगलीतल्या शेरी नाल्याच्या आसपास राहणाऱ्यांना सांगावे लागत नाही. म्हणून आवारातील प्रत्येक गटाराच्या तोंडाशी उलटे पाणी रोखणारी झडप बसवावी. भिंतीवर जुन्या पुराची रेघ दिसत असेल तर तिची उंची मोजून नोंदवावी आणि रंगकाम करताना ती पुसू नये. हरिपूर परिसरात हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे पिढ्यान् पिढ्या चालत आली होती, आणि 2005 च्या पुरात त्यांतली बहुतेक गेली. ज्या जमिनीने इतकी वर्षे हळद कोरडी ठेवली तीही एका पुरात बदलली, हे तळघर मागणाऱ्या वास्तुविशारदाला जरूर सांगावे.

तिथे रोज कोण येणार

जागा मिळाली, माती तपासली, पाणी मोजले, तरीही केंद्र ओस पडू शकते. 'नवोद्योजकांसाठी अद्ययावत दालने' असे लिहून दालने भरत नाहीत. एखादी गोष्ट मिळवण्यासाठी लोकांना आज पुण्याला जावे लागते आणि ती इथे मिळाली तर त्यांचा दिवस वाचतो, अशी एखादी सेवा शोधून तिच्यापासून सुरुवात करावी. माझ्या मते सांगलीसाठी ती सेवा म्हणजे तपासणी प्रयोगशाळा.

हळदीचा व्यापारी घ्या. त्याला कुरकुमीन या पिवळ्या घटकाचे प्रमाण, ओलावा, अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष आणि रंगासाठी मिसळलेले लेड क्रोमेट हे शिशाचे संयुग यांची तपासणी हवी असते. तासगावच्या बेदाणा उत्पादकाला कीटकनाशकांचे अवशेष आणि गंधकाच्या धुरीचा अंश पाहायचा असतो. कुपवाडच्या यंत्रशाळेला ओतीव भागाचे रासायनिक पृथक्करण, काठिण्य आणि ताणबल यांचा दाखला ग्राहकाकडे पाठवायचा असतो. सांगलीची हळद आणि सांगलीचा बेदाणा या दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि मानांकनाचा भाव मिळवायचा तर दर्जाचा कागद सोबत लागतो. त्या कागदाला बाजारात किंमत येण्यासाठी प्रयोगशाळेला आयएसओ/आयईसी 17025 या मानकानुसार एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता घ्यावी लागते. ती घेण्यासाठी उपकरणांइतकीच नोंदवह्यांची शिस्त लागते.

नमुना देण्यासाठी माणूस खिडकीपाशी आला की त्याच्याशी बोलणे होते. 'माझ्या हळदीत ओलावा नेहमी जास्त का येतो' हा त्याचा प्रश्न पुढे एखाद्या विद्यार्थ्याचा प्रकल्प होतो, आणि प्रकल्पातून निघालेले वाळवणयंत्र एखाद्या लघुउद्योजकाचे उत्पादन होते. संशोधन आणि उद्योग यांची गाठ अशी पडते. परिसंवाद भरवून ती पडलेली मी फारशी पाहिली नाही.

ज्ञानाची बाजू सांभाळायला इथे संस्था आहेत. सांगली व सातारा हे दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. 1947 साली सुरू झालेले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय विश्रामबागेत आहे, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि कसबे डिग्रजला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे हळद संशोधन चालते. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ आहे. या सगळ्यांना एका छताखाली आणायचा हट्ट धरू नये. दोघांनी सुरुवात करावी आणि बाकीच्यांना येण्याची वाट मोकळी ठेवावी.

भाडेकरू कंपन्या आल्यावर त्या केवळ स्वस्त कार्यालय म्हणून जागा वापरू लागतात, हा नेहमीचा धोका. 2010 मध्ये सुरू झालेल्या आयआयटी मद्रासच्या रिसर्च पार्कने यावर चांगली युक्ती काढली: कंपनीने प्राध्यापकांना संशोधनाचे काम द्यावे, विद्यार्थ्यांना प्रशिक्षणार्थी म्हणून घ्यावे, आणि अशा प्रत्येक सहकार्याचे गुण जमवावेत. ठरलेले गुण मिळवणे ही तिथे राहण्याचीच अट आहे. आपल्या भाडेकरारातही असे कलम पहिल्या दिवसापासून घालावे, कारण नंतर ते घालता येत नाही.

करार कोणी करायचा

विद्यापीठाच्या नेहमीच्या कार्यपद्धतीत एक पंप दुरुस्त करायलाही कागद तीन टेबले फिरतो. म्हणून केंद्राच्या कारभारासाठी कंपनी कायदा 2013 च्या कलम 8 खाली ना-नफा कंपनी स्थापन करणे सोयीचे पडते. तिच्या संचालक मंडळावर विद्यापीठ, महापालिका आणि स्थानिक उद्योजक यांचे प्रतिनिधी असावेत, मात्र जमीन विद्यापीठाकडे किंवा संस्थेकडेच राहावी. जमीनधारक सार्वजनिक न्यास असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यायची असल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 36 नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मोठी कंपनी तीन वर्षांसाठी यंत्रे आणून बसवत नाही, त्यामुळे ही परवानगी आधीच मागून ठेवावी. प्राध्यापकाला सल्लाशुल्कातील किती वाटा मिळेल, पेटंट कोणाच्या नावावर राहील आणि तो स्वतः कंपनी काढू शकेल का, हे नियमही लेखी हवेत. केंद्राच्या 2019 च्या नवोपक्रम व नवउद्यम धोरणात त्याला वाट करून दिलेली आहे.

निधीबद्दल थोडक्यात. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या नवोद्योजकांसाठीच्या 'निधी' (NIDHI) योजना, लघुउद्योग समूहांसाठीची सामाईक सुविधा केंद्र योजना आणि कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी यांचा आधार घेता येतो. पण अनुदानातून उपकरण येते, ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाचा पाचव्या वर्षाचा पगार येत नाही. तो तपासणी शुल्कातून व भाड्यातून निघेल का, हे एका पानावर मांडून पाहावे.

शेड पाडायची की ठेवायची

जुन्या सूतगिरणीचे करवतीच्या दातांसारखे छप्पर अनेकांना जुनाट वाटते. उत्तरेकडे काचा केलेल्या त्या छपरातून दिवसभर सावलीचा, एकसारखा उजेड येतो, आणि प्रयोगशाळेच्या टेबलावर नेमका तसाच उजेड हवा असतो. सकाळी, दुपारी आणि सायंकाळी असे तीनदा त्या शेडमध्ये उभे राहून पाहावे, मग पाडण्याचा निर्णय घ्यावा. यंत्रशाळेतील क्रेनचे गर्डर आणि जाड काँक्रीटची जमीन जड चाचणी यंत्रांसाठी आयतीच मिळते. अर्थात स्ट्रक्चरल ऑडिट झाल्याशिवाय भावनेने काही ठेवू नये. छपराची गंजलेली कैची (आधाराची त्रिकोणी चौकट) आणि चुन्यातली फुगलेली भिंत कोणाच्या आठवणींसाठी उभी राहत नाही.

छपरावर सिमेंटचे अॅस्बेस्टॉस पत्रे असतील तर ते हातोड्याने फोडून खाली टाकू नयेत. ते ओले करून, बोल्ट सोडवून, अखंड उतरवावेत, कामगारांना योग्य मुखवटे द्यावेत आणि पत्रे बंदिस्त करून घातक कचऱ्याबरोबर पाठवावेत. एकूण बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून अधिक होणार असेल तर पूर्व पर्यावरण मंजुरी लागते. काम टप्प्यांत असले तरी क्षेत्र एकत्रच धरले जाते.

पहिला टप्पा एकाच शेडचा ठेवावा. तिथे तपासणी प्रयोगशाळा, एक छोटी यंत्रशाळा, दहा-बारा टेबलांची बसण्याची जागा आणि चहाची टपरी एवढेच असावे. यंत्रशाळेवर शक्य असेल तर त्याच गिरणीतला एखादा जुना टर्नर किंवा फिटर नेमावा. अभियांत्रिकीच्या मुलाला लेथवर हात बसवायला त्याच्यासारखा गुरू मिळणार नाही, आणि वस्तीतल्या लोकांना ही जागा पुन्हा आपली वाटू लागते. आवारातील कामगार चाळीत अजून कुटुंबे राहत असतील तर त्यांची सोय पहिल्याच आराखड्यात दाखवावी. त्यांना 'अतिक्रमण' ठरवून सुरू झालेले प्रकल्प न्यायालयात दीर्घकाळ अडकतात.

केंद्र सुरू झाल्यावर दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक कवायत ठेवावी. गटारांच्या झडपा उघडझाप करून पाहाव्यात, डिझेल जनित्र लाल रेषेच्या वरच्या ओट्यावर आहे आणि सुरू होते याची खात्री करावी, तळमजल्यावरची उपकरणे चाकांच्या गाड्यांवर आहेत का ते पाहावे, आणि ती वर चढवायला किती माणसे व किती तास लागतात हे प्रत्यक्ष घड्याळ लावून मोजावे. पहिल्या वर्षी हा आकडा हमखास दुप्पट निघतो. तो प्रवेशद्वाराशी, आयर्विनच्या ज्या पातळीला हलवाहलव सुरू करायची त्या आकड्याशेजारी, रंगाने लिहून ठेवावा.